शेवटची नोंद खरी

१९९३ च्या डिसेंबरात ज्यांनी ‘डूम’ हा खेळ आपल्या संगणकावर उतरवून घेतला, त्यांच्या डिस्कवर महत्त्वाच्या अशा दोनच फाइली आल्या. एक ‘डूम.ईएक्सई’, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम. आणि दुसरी तिच्या कितीतरी पट मोठी ‘डूम१.वॅड’. भिंतींचे रंग, राक्षसांच्या आकृत्या, बंदुकीचे आवाज, संगीत आणि नऊच्या नऊ नकाशे या दुसऱ्या फाइलीत होते. मोफत वाटलेल्या खेळाच्या १.९ या आवृत्तीत तिचा आकार ४१,९६,०२० बाइट भरतो आणि आत १,२६४ सुटे तुकडे निघतात. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या फाइलीत कधी डोकावून पाहिले नाही. ज्या थोड्यांनी पाहिले, त्यांच्यामुळे संगणकावरचा खेळ कोणी घडवायचा, त्यावर हक्क कोणाचा आणि तो जुना झाल्यावर त्याचे काय होणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढच्या काही वर्षांत बदलून गेली.

सगळे एका फाइलीत का?

सगळी सामग्री एकाच फाइलीत ठेवण्याचे मूळ कारण अगदी व्यावहारिक होते. डॉस या प्रणालीत डिस्कवरची जागा ठरावीक मापाच्या क्लस्टरमध्ये वाटली जाई. फाइल शंभर बाइटची असली तरी पूर्ण क्लस्टर तिच्या नावे लागे. चार किलोबाइटचा क्लस्टर धरला, तर दर फाइलीमागे सरासरी दोन किलोबाइट वाया. ‘डूम’चे १,२६४ तुकडे सुटे ठेवले असते, तर चार मेगाबाइटच्या खेळापायी आणखी अडीच मेगाबाइट जागा नुसती अडून बसली असती. एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतील यालाही डॉसची मर्यादा होती आणि प्रत्येक फाइल उघडताना नाव शोधण्यात वेळ जाई तो वेगळाच.

म्हणून १९८० च्या दशकातच खेळांच्या कंपन्या सामान एकत्र बांधू लागल्या होत्या. सिएरा कंपनीच्या साहसखेळांबरोबर ‘रिसोर्स.००१’, ‘रिसोर्स.००२’ अशा फाइली येत. खेळ अनेक फ्लॉप्यांवर विभागलेला असे, आणि खेळणाऱ्याला सारखी फ्लॉपी बदलावी लागू नये म्हणून एकच चित्र मुद्दाम दोन-दोन फाइलींत ठेवलेले असे. लुकासआर्ट्सच्या ‘मंकी आयलंड’सारख्या खेळांत फाइलीतला प्रत्येक बाइट एका ठरावीक अंकाशी जोडून फिरवलेला असे. ते कुलूप तकलादूच; उद्देश एवढाच की सहज डोकावणाऱ्याला संवाद आणि कोड्यांची उत्तरे वाचता येऊ नयेत. थोडक्यात, ही बांधाबांध कंपनीच्या सोयीसाठी होती. गिऱ्हाइकाने ती सोडून पाहावी, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

‘वुल्फेनस्टाइन’चा धडा

आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी फेब्रुवारी १९९१ मध्ये सुरू झाली. जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो हे प्रोग्रॅमर, टॉम हॉल हे खेळाची रचना पाहणारे आणि एड्रियन कारमॅक हे चित्रकार. दोघा कारमॅकांत नाते नव्हते. मे १९९२ मध्ये त्यांचा ‘वुल्फेनस्टाइन थ्री-डी’ आला. पहिला भाग मोफत वाटायचा, आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायचे, अशी त्याची शेअरवेअर पद्धत होती.

या खेळाचे सामान सात-आठ फाइलींत विखुरलेले होते आणि त्यातले बरेचसे दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेले होते. तरी चाहत्यांनी ते सोडवलेच. नकाशे बदलणारे प्रोग्रॅम निघाले, शत्रूंच्या जागी बार्नी हा मुलांच्या कार्यक्रमातला जांभळा डायनासोर आला. डेव्हिड कुशनर यांनी ‘मास्टर्स ऑफ डूम’ या २००३ च्या पुस्तकात नोंदवले आहे की हे उद्योग पाहून कारमॅक आणि रोमेरो दोघेही खूश झाले. आपले काम दुसऱ्याने उघडून पाहावे, त्यात भर घालावी, हा जुन्या प्रोग्रॅमरांचा संस्कार दोघांच्याही अंगात होता.

पण एक गोष्ट खटकत होती. बदल करायचा तर मूळ फाइलीवरच नवे चित्र लिहावे लागे. बार्नी आत आला की मूळ सैनिक पुसला जाई, आणि जुना खेळ परत हवा असेल तर तो पुन्हा नव्याने टाकावा लागे. शिवाय बदललेला खेळ मित्राला द्यायचा, तर आयडीची मूळ चित्रेही त्याच फाइलीतून सोबत जात. म्हणजे हौस करणारा न कळत चोरीही करत होता.

आठ अक्षरांची नावे

१ जानेवारी १९९३ रोजी आयडीने नव्या खेळाची घोषणा केली. टॉम हॉल यांनी लिहिलेल्या त्या पत्रकात तंत्राच्या बढाईबरोबर एक वेगळे आश्वासन होते: ‘डूम’ खुला असेल, फाइलींची रचना मागणाऱ्याला सांगितली जाईल, लोकांना स्वतःचे नकाशे आणि चित्रे घालता येतील. सामानाच्या फाइलीला ‘वॅड’ हे नावही हॉल यांनीच सुचवले. सगळी सामग्री आहे कुठे, अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाची ती आद्याक्षरे. हॉल स्वतः मात्र रचनेवरून मतभेद झाल्याने खेळ पूर्ण होण्याआधीच कंपनीतून बाहेर पडले.

वॅडची रचना आजही तासाभरात समजून घेता येईल इतकी सुटसुटीत आहे. पेशवे दफ्तरातल्या रुमालात शेकडो कागद एकत्र बांधलेले असावेत आणि आत काय काय आहे याची यादी तळाशी ठेवलेली असावी, तसा हा प्रकार. फाइलीचे पहिले बारा बाइट म्हणजे मथळा. त्यात चार अक्षरांची खूण, मग आत किती तुकडे आहेत तो आकडा आणि मग यादी कुठे सुरू होते तो आकडा. तुकड्याला आयडीवाले ‘लम्प’ म्हणत. यादीत प्रत्येक लम्पला सोळा बाइट: चार त्याच्या जागेचे, चार आकाराचे आणि आठ नावाचे.

नावाला आठच अक्षरे का, याचे उत्तर पुढे खुल्या झालेल्या सोर्स कोडमध्ये मिळते. आठ बाइटचे नाव म्हणजे चार-चार बाइटचे दोन पूर्णांक. नाव शोधताना प्रोग्रॅम अक्षरे जुळवत बसत नाही. दोन आकड्यांची तुलना करतो आणि पुढे सरकतो. सामान कॉम्प्रेसही केलेले नव्हते, कारण ते सोडवण्यात वेळ गेला असता. ‘डूम’ चार मेगाबाइट मेमरीच्या ३८६ संगणकावर चालायचा होता आणि विकतच्या आवृत्तीचा वॅड त्याहून बराच मोठा होता. तेव्हा लागेल तो लम्प डिस्कवरून उचलायचा, काम झाले की मेमरी मोकळी करायची, अशी व्यवस्था होती.

खरी करामत मात्र शोधाच्या दिशेत होती. मूळ वॅडवर ‘आयवॅड’ अशी खूण असे. कोणी बदल केला, तर तो वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि तिच्यावर ‘पीवॅड’ अशी खूण करायची; ‘पी’ म्हणजे पॅच, ठिगळ. खेळ सुरू करताना या फाइलीचे नाव दिले की तिची यादी मूळ यादीच्या शेवटी जोडली जाई. आणि नाव शोधणारा कोड यादी शेवटापासून उलटी वाचत असे. त्यामुळे ‘ई१एम१’ नावाचा पहिला नकाशा दोन्ही फाइलींत असेल, तर आधी सापडे तो नवा. मूळ नकाशा जागच्या जागी, पण झाकलेला. नव्या फाइलीचे नाव न देता खेळ सुरू केला की जुने सगळे जसेच्या तसे.

‘वुल्फेनस्टाइन’च्या दोन्ही अडचणी एवढ्याने सुटल्या. मूळ काहीच पुसले जात नव्हते. आणि वाटायच्या फाइलीत फक्त हौशी माणसाने स्वतः केलेले तेवढेच राहत होते. आयडीचे सामान आयडीकडे, त्याचे त्याच्याकडे. दोन्ही एकत्र येत ते खेळणाऱ्याच्या संगणकावर, खेळ चालू असेपर्यंत.

खुले, पण फुकट नव्हे

१० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा ठरला. वाट पाहणाऱ्यांची तिथे एवढी झुंबड उडाली की खुद्द आयडीच्या जे विल्बर यांना आत शिरून फाइल चढवायला जागा मिळेना, आणि ती चढल्यावर सर्व्हर कोलमडला.

पत्रकात आश्वासन असले तरी फाइलींचा तपशील चाहत्यांनी बराचसा आपणच शोधून काढला. न्यूझीलंडमधला विद्यार्थी ब्रेंडन वायबर आणि बेल्जियममधले राफाएल किने यांच्यासारखी मंडळी इंटरनेटवर एकत्र आली. एकमेकांना कधीही न भेटलेल्या या लोकांनी १९९४ च्या जानेवारीअखेर ‘डीईयू’ हा नकाशे संपादित करणारा प्रोग्रॅम बाहेर काढला. खेळ येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मार्चमध्ये पीवॅड फाइली फिरू लागल्या. मोठा अडसर होता ‘नोड्स’ या लम्पचा. नकाशातल्या भिंती कोणत्या क्रमाने काढायच्या याचे गणित आधीच करून त्यात भरलेले असे, आणि भिंत हलवली की ते सगळे नव्याने मांडावे लागे. कारमॅक यांनी हे गणित करणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोडच देऊन टाकला.

कंपनीत सगळ्यांना हे रुचले नव्हते. कुशनर लिहितात की विल्बर आणि चित्रकार केव्हिन क्लाउड यांना काळजी वाटत होती: आपल्या मालावर दुसराच पैसे कमावेल, लोक ऐऱ्यागैऱ्या नकाशाला आमचा माल समजतील. तोडगा काय निघाला, तो कोडमध्ये दिसतो. मोफत आवृत्तीला पीवॅड जोडायला गेले की खेळ बंद पडतो आणि आधी नोंदणी करा असे बजावतो. विकतची आवृत्ती असेल, तर तो मूळ वॅडमध्ये तेवीस लम्प आहेत का ते तपासतो: पैसे देऊन मिळणाऱ्या दोन भागांचे अठरा नकाशे आणि शिवाय सायबरडीमन या राक्षसासारख्या, फक्त त्या भागांत भेटणाऱ्या गोष्टींची नावे. मग, हा खेळ बदललेला आहे, मूळ प्रत हवी तर अमुक क्रमांकावर फोन करा आणि बदललेल्या खेळासाठी मदत मागू नका, अशी सूचना येते. संपादक प्रोग्रॅमही विकतच्या आवृत्तीवरच चालावेत अशी आयडीची अपेक्षा होती, आणि डीईयूच्या मंडळींनी ती मानली.

म्हणजे हा खुलेपणा निव्वळ औदार्याचा नव्हता. बाहेरच्याने केलेला प्रत्येक चांगला नकाशा मूळ खेळ विकत घ्यायचे एक नवे कारण होता, आणि त्यासाठी आयडीला दमडीही खर्चावी लागत नव्हती.

नियमाला अपवादही होते. राक्षसांच्या आकृत्या यादीत आरंभ आणि शेवट दाखवणाऱ्या दोन रिकाम्या खुणांच्या मध्ये असत, आणि खेळ एवढाच पट्टा वाचत असे. त्यामुळे एकच आकृती पीवॅडमध्ये घालून भागत नसे. यावर चाहत्यांनी जोडणी करणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. ते खेळणाऱ्याच्या डिस्कवरच्या मूळ वॅडमधून हव्या त्या आकृत्या घेऊन नव्या फाइलीत मिसळत. आयडीची चित्रे या हाताची त्या हाताला द्यावी लागत नसत. राक्षस किती वेगाने धावतो, बंदूक किती घाव घालते हे तर वॅडमध्ये नव्हतेच, ते ‘डूम.ईएक्सई’त होते. तिथे हात घालायला ‘डीहॅकएड’ निघाला.

हौशींचे दिवस

१९९४ मध्ये जस्टिन फिशर यांनी ‘एलियन्स’ या चित्रपटावर बेतलेले पूर्ण रूपांतर केले. त्यात नकाशे, आकृत्या, आवाज सगळे बदलले होते आणि सुरुवातीचा बराच वेळ एकही शत्रू भेटत नव्हता. आयडीने न योजलेल्या चालीचा खेळ त्याच प्रोग्रॅमवर उभा राहिला होता. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने ‘डूम २’ बदलून चार-चार जवानांच्या तुकडीच्या सरावासाठी वापरला. त्याच वर्षी ‘चेक्स’ या सीरियलच्या खोक्यांतून ‘चेक्स क्वेस्ट’ वाटला गेला. प्रोग्रॅम ‘डूम’चाच, पण वॅड वेगळा, राक्षसांच्या जागी हिरवे चिकट प्राणी आणि रक्ताचा थेंबही नाही.

आयडीनेही हौशींना जवळ केले. १९९६ च्या ‘फायनल डूम’मधले दोन्ही भाग बाहेरच्यांचे होते: एक टीमटीएनटी या गटाचा, दुसरा डारिओ आणि मायलो कसाली या भावांचा. पहिला भाग मोफत वाटायचा असे आधी ठरले होते. ऐनवेळी आयडीने तो विकत घेतला, तेव्हा वाट पाहणारे चाहते चिडले. घरी बसून नकाशे करणारे टिम विलिट्स आयडीतच नोकरीला लागले. खेळाच्या धंद्यात शिरायला पदवी किंवा ओळख लागत नाही, एक चांगला वॅड पुरतो, हे अनेक तरुणांनी तेव्हा ताडले.

पैशाचा प्रश्नही लवकरच आला. इंटरनेटवरचे शेकडो मोफत नकाशे सीडीवर भरून विकणारे निघाले. ज्यांनी ते केले त्यांना बहुधा काहीच मिळत नव्हते. न्यायालयातला मोठा निकाल मात्र ‘डूम’वर लागला नाही, तो १९९६ च्या ‘ड्यूक न्यूकम थ्री-डी’वर लागला. त्या खेळाचे सामान ‘जीआरपी’ फाइलीत होते. तिचे पहिले बारा बाइट म्हणजे ती रचना करणाऱ्या केन सिल्व्हरमन यांचे नाव, बरोबर बारा अक्षरांचे. खेळाबरोबर नकाशे करायचे साधनही दिलेले होते. अट एवढीच की केलेले नकाशे फुकट वाटावेत. मायक्रो स्टार या कंपनीने असे ३०० नकाशे गोळा करून ‘न्यूक इट’ या सीडीवर विकले. तिचा बचाव असा, की नकाशाच्या फाइलीत मूळ खेळाचे एकही चित्र नाही. कोणते चित्र कुठे ठेवायचे एवढ्या सूचना आहेत, मग नक्कल कसली? खालच्या न्यायालयाला हा मुद्दा पटला. १९९८ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी तो फिरवला. पडद्यावर काय दिसणार याचे नेमके वर्णन त्या फाइलींत आहे, त्या मूळ खेळाच्या चित्रांवाचून चालत नाहीत आणि ड्यूकच्या कथेचे पुढचे भागच सांगतात. असे भाग काढायचा हक्क मूळ मालकाचा, असा त्यांचा कौल होता.

वॅडने तंत्रात केलेली वाटणी कायद्याने पूर्णपणे मान्य केली नाही, असा याचा अर्थ. फाइल वेगळी असली म्हणून निर्मिती स्वतंत्र ठरत नाही. हौशींना मोकळीक होती, ती मालकाच्या मर्जीने. आणि त्या मर्जीची सीमा पैशापाशी संपत होती.

पुढच्यांनी काय उचलले

आयडीच्या १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये वॅडची जागा ‘पॅक’ फाइलीने घेतली. नावाला आठऐवजी छप्पन्न बाइट मिळाले, त्यामुळे आतल्या आत फोल्डरांची मांडणी शक्य झाली. खेळाचे नियमही आता त्याच फाइलीत होते, म्हणजे राक्षसाची चाल बदलायला ईएक्सई उकरावी लागत नव्हती. ‘क्वेक’च्या प्रोग्रॅमवर बेतून व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ केला, आणि ‘हाफ-लाइफ’मध्ये बाहेरच्यांनी केलेल्या बदलातून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा राहिला. त्याच वर्षीच्या ‘क्वेक ३’ची ‘पीके३’ फाइल म्हणजे तर नाव बदललेली साधी झिप. शेवटी येईल ते खरे, हा नियम मात्र सगळीकडे कायम राहिला.

ब्लिझर्ड कंपनीने वेगळी वाट धरली. माइक ओब्रायन यांनी रचलेल्या आणि ‘डायब्लो’पासून वापरात आलेल्या ‘एमपीक्यू’ फाइलीत आतल्या वस्तूंची नावे यादीत लिहिलेलीच नसत. नावावरून काढलेले आकडे तेवढे असत. नाव ठाऊक असेल त्यालाच वस्तू सापडे. चाहत्यांनी अंदाज बांधून नावांच्या याद्या जमवल्या. पण याच कंपनीने ‘स्टारक्राफ्ट’ आणि २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ बरोबर नकाशे करायचे उत्तम साधन दिले, आणि ‘वॉरक्राफ्ट’च्या अशाच एका नकाशातून ‘डोटा’ जन्मला. दार बंद ठेवून खिडकी उघडी, अशी ही रीत. तिलाही फळ आले.

फाइल उरते

२३ डिसेंबर १९९७ रोजी कारमॅक यांनी ‘डूम’चा सोर्स कोड खुला केला, आणि १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. खुला झाला तो कोड. वॅड विकतच राहिला. प्रोग्रॅम आणि सामान मुळातच वेगळे नसते, तर हे जमले नसते. डॉस मागे पडले, ‘डूम.ईएक्सई’ आजच्या संगणकावर थेट चालत नाही. पण नव्याने लिहिलेले प्रोग्रॅम १९९३ चीच वॅड फाइल वाचतात. ज्यांना तीही फुकट हवी त्यांच्यासाठी ‘फ्रीडूम’ प्रकल्पाने सगळी चित्रे, आवाज आणि नकाशे नव्याने करून वेगळा आयवॅड बनवला.

रोमेरो १९९६ मध्येच आयडीतून बाहेर पडले होते. २०१९ मध्ये त्यांनी ‘सिजिल’ नावाचे नऊ नवे नकाशे आणले, मूळ ‘डूम’चा पाचवा भाग म्हणून. ज्या खेळाचे सर्वांत गाजलेले नकाशे त्यांनी स्वतः रचले होते, त्याच्या चित्रांवर आणि आवाजांवर आता त्यांचा हक्क नव्हता. तेव्हा त्यांनी तेच केले जे पंचवीस वर्षे शाळा-कॉलेजातली पोरे करत आली होती: आपले तेवढे पीवॅडमध्ये घातले आणि खेळणाऱ्यांना सांगितले की मूळ वॅड तुमच्याकडे विकत घेतलेला असला पाहिजे. हौशींसाठी आखलेली वाटणी निर्मात्यालाही लागू पडली, आणि तिच्यामुळेच त्यांना आपल्या खेळात पुन्हा नकाशे घालता आले.